कार्यालयीन ई-मेल : लेखन, शिस्त आणि सावधगिरी

आपल्या वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येकाला रविवारची दुपार आठवत असेल. जेवण आटोपले की प्रत्येकाच्या हाती एक पोस्टकार्ड पडे आणि गुरुजी फळ्यावर नमुना लिहीत. उजव्या कोपऱ्यात गाव व दिनांक, त्याखाली 'ती. आई-बाबांस सविनय जयभीम', मग खुशाली, मग कामाचा मजकूर आणि शेवटी 'आपला आज्ञाधारक'. माझ्या घरी पत्र वाचता येणारे कोणी नव्हते. ते शेजारच्या गल्लीतील एका शिकलेल्या गृहस्थांकडून वाचून घेतले जाई. गुरुजींना हे ठाऊक होते. ते सांगत, "पत्र असे लिही, की परक्याने मोठ्याने वाचले तरी तुझ्या आईला नेमके कळले पाहिजे आणि तुला त्याची लाज वाटता कामा नये."

पुढे नोकरीची 28 वर्षे निरनिराळ्या कार्यालयांत गेली. हाती लेखणीऐवजी संगणक आला, टपालाच्या पिशवीची जागा ई-मेलने घेतली. या काळात मी जे काही शिकलो त्याचा सारांश गुरुजींच्या त्या एका वाक्यात आधीच सांगितलेला होता. परंतु ते वाक्य ई-मेललाही लागू आहे, हे समजायला मला बरीच किंमत मोजावी लागली. आपल्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या अनेक मुलामुलींच्या घरात कार्यालयात जाणारी ती पहिलीच पिढी असते. 'ऑफिसात असे लिहितात, असे लिहीत नाहीत' हे सांगणारे घरी कोणी नसते. म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने हा साधाच, पण व्यवहाराचा विषय निवडला आहे.

एक अनुभव

नोकरीच्या प्रारंभी मी एका खासगी कंपनीच्या खरेदी विभागात होतो. एका सायंकाळी वरिष्ठांनी दूरध्वनीवरून सांगितले, "त्या मालाची मागणी दुप्पट करा, कागद उद्या करू." मी मागणी दुप्पट नोंदविली. तो 'उद्या' आलाच नाही. माल मात्र आला, गोदामात पडून राहिला आणि चौकशी सुरू झाली, तेव्हा वरिष्ठांना तो दूरध्वनी आठवेना. ते खोटे बोलले की खरोखरच विसरले, हे मी आजही सांगू शकत नाही. माझ्याकडे एका ओळीचाही पुरावा नव्हता. मला ज्ञापन मिळाले आणि एका वर्षाची वेतनवाढ रोखली गेली.

घरी हे समजावून सांगणे कठीण गेले. वडिलांनी आयुष्यभर बांधकामावर मजुरी केली. त्यांच्या जगात तोंडचा शब्द हाच करार असे. "त्यांनी सांगितले होते ना, मग?" एवढेच ते विचारीत राहिले.

त्या कार्यालयातील एका वृद्ध हेडक्लार्कने मला बाजूला घेऊन जे सांगितले ते मी पुढे प्रत्येक नवोदिताला सांगत आलो आहे. ते म्हणाले, "वरिष्ठांनी तोंडी सांगितलेले काम अडवू नका. पण काम करण्याआधी दोन ओळी लिहून टाका." त्यांनी नमुनाही दिला :

'महोदय, आज सायंकाळी 5.30 वाजता दूरध्वनीवरून दिलेल्या आपल्या सूचनेनुसार सदर मालाची मागणी 200 ऐवजी 400 नग अशी नोंदवीत आहे. यात काही बदल असल्यास उद्या सकाळी 11 वाजेपर्यंत कळवावे, ही विनंती.'

या दोन ओळींत संशय नाही, आरोप नाही, उद्धटपणाही नाही. उलट वरिष्ठांची एखादी चूक झाली असेल तर ती सुधारण्याची संधी त्यांना मिळते. आणि लिहिणाऱ्याची बाजू नोंदली जाते. अलीकडेच माझ्या हाताखालील एका तरुण सहकारी मुलीवर असाच प्रसंग आला, तेव्हा तिने शांतपणे असा एक ई-मेल समोर ठेवला आणि चौकशी दहा मिनिटांत संपली. तिची वेतनवाढ वाचली.

नवे साधन, जुनी शिस्त

एका संगणकावरून जाळ्यातील दुसऱ्या संगणकावर संदेश पाठविण्याची सोय रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने 1971 मध्ये केली. व्यक्तीचे नाव आणि संगणकाचे नाव वेगळे करण्यासाठी '@' हे चिन्ह त्यांनीच निवडले. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू केली. त्यानंतर काही वर्षांतच ई-मेल आपल्या टेबलावर येऊन पोहोचला.

साधन नवे असले तरी त्याचा सांगाडा जुन्या कार्यालयीन पत्राचाच आहे. ई-मेलमधील 'सीसी' म्हणजे 'कार्बन कॉपी'. टंकलेखन यंत्रात दोन कागदांमध्ये निळा-काळा कार्बन घालून जी प्रत निघे, तिचेच हे नाव. 'सब्जेक्ट' म्हणजे आपल्या पत्रातील 'विषय'. पाठविलेल्या आणि आलेल्या ई-मेलच्या याद्या म्हणजे आवक-जावक नोंदवही. 'मिळाले, धन्यवाद' हे उत्तर म्हणजे पोच. ज्याला चांगले कार्यालयीन पत्र लिहिता येते त्याला ई-मेल वेगळा शिकावा लागत नाही. घोटाळा होतो तो ई-मेलला आपण पत्र न समजता गप्पा समजतो म्हणून.

कायद्यानेही ई-मेलला लेखी दस्तऐवज मानले आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या कलम 4 नुसार एखादी बाब लेखी असावी असे कायदा सांगत असेल, तर ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात असूनही चालते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात 'दस्तऐवज' या संज्ञेत इलेक्ट्रॉनिक अभिलेखांचा स्पष्ट समावेश आहे. ट्रायमेक्स इंटरनॅशनल विरुद्ध वेदान्त ॲल्युमिनियम या प्रकरणात तर बॉक्साइटच्या पाच जहाजी खेपांचा व्यवहार ई-मेलवरून ठरला होता आणि औपचारिक करारावर सह्या व्हायच्या होत्या. तरीही ई-मेलमधून प्रस्ताव व स्वीकृती स्पष्ट होत असल्याने करार झालेला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये मानले. म्हणजे 'ठीक आहे, मान्य' हे दोन शब्दही विचार करूनच लिहावेत. ई-मेल आपले रक्षण करतो, तसाच आपल्याला बांधूनही ठेवतो.

चांगल्या ई-मेलची रचना

पहिली गोष्ट विषयाची ओळ. 'महत्त्वाचे', 'नमस्कार', 'अर्ज' असे मोघम विषय लिहू नयेत. वाचणाऱ्याच्या यादीत त्या दिवशी पन्नास ई-मेल असतात. 'दि. 12 जूनच्या बैठकीचे इतिवृत्त : मंजुरीसाठी' असे लिहिले की काम काय, कशासंबंधी आणि आपल्याकडून काय हवे, हे ई-मेल न उघडताच कळते. विषय बदलला तर जुन्या ई-मेललाच उत्तर देत राहू नये. नवा ई-मेल सुरू करावा. सहा महिन्यांनी शोधताना याचा उपयोग कळतो.

दुसरी गोष्ट पहिले वाक्य. आपण मराठी माणसे प्रस्तावनेत रमतो. कार्यालयीन ई-मेलमध्ये मागणी आधी आणि कारण नंतर लिहावे. 'मला दि. 20 व 21 रोजी दोन दिवसांची किरकोळ रजा मंजूर व्हावी' हे पहिले वाक्य. कारण, त्या काळात काम कोण पाहील आणि संपर्क कसा होईल, हे त्यानंतर.

तिसरी गोष्ट मुदत आणि जबाबदारी. 'लवकरात लवकर' याचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा असतो. 'शुक्रवारी दुपारी 3 वाजेपर्यंत' याचा अर्थ एकच असतो. ई-मेल चौघांना असेल तर कोणी काय करायचे, हे पदनामानिशी लिहावे. नाहीतर प्रत्येकाला वाटते की काम दुसऱ्याचे आहे.

चौथी गोष्ट जोडपत्रे. 'सोबत जोडले आहे' असे लिहून जोडपत्र विसरणे ही सर्वांत सामान्य चूक. त्यावर उपाय सोपा आहे. आधी फाइल जोडावी, मग मजकूर लिहावा आणि पत्ता सर्वांत शेवटी भरावा. पत्ताच नसेल तर अर्धवट ई-मेल चुकूनही जाणार नाही. फाइलचे नावही अर्थपूर्ण असावे. 'स्कॅन 001' या नावावरून कोणालाच काही कळत नाही.

शेवटी आपले पूर्ण नाव, पदनाम, विभाग व दूरध्वनी क्रमांक असावा. नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या मुलांनी स्वतःचा ई-मेल पत्ताही तपासून पाहावा. शाळकरी वयात गमतीने घेतलेले 'किंग', 'रॉकस्टार' असे पत्ते मुलाखतीच्या आधीच आपले मत बनवून देतात. स्वतःच्या नावाचा साधा पत्ता सर्वांत चांगला.

प्रत कोणाला?

'प्रति'मध्ये ज्याच्याकडून काम हवे तो. 'सीसी'मध्ये ज्याला केवळ माहिती हवी तो. जुन्या पत्रांवर खाली 'प्रत माहितीस्तव सविनय सादर' असे लिहीत, तीच ही जागा. सहकाऱ्याला धाक दाखविण्यासाठी साहेबांना प्रत लावण्याची सवय अनेकांना जडते. एकदा-दोनदा त्याचा परिणाम होतो. मग साहेब ते ई-मेल उघडत नाहीत आणि सहकारी आपल्याशी बोलत नाही.

'बीसीसी' म्हणजे गुप्त प्रत. तिचा योग्य उपयोग असा की, शंभर पालकांना एकच सूचना पाठवायची असेल, तर एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसू नये म्हणून सर्व पत्ते तेथे घालावेत. एखाद्याच्या नकळत तिसऱ्याला ऐकविण्यासाठी तिचा वापर करू नये. तो तिसरा चुकून 'सर्वांना उत्तर' दाबतो आणि बिंग फुटते. 'सर्वांना उत्तर' हे बटण दाबण्यापूर्वी आपले उत्तर खरोखर सर्वांना हवे आहे का, हा प्रश्न स्वतःला विचारावा. निरोपसमारंभाच्या सूचनेवर तीस जणांनी तीनशे जणांना 'अभिनंदन' कळविले की त्या गर्दीत कोणाचे तरी महत्त्वाचे पत्र हरवते.

शब्दांचा स्वर

समोरासमोर बोलताना चेहरा आणि आवाज आपल्याला सांभाळून घेतात. ई-मेलमध्ये ती सोय नाही. जस्टिन क्रुगर व निकोलस एप्ली आदी मानसशास्त्रज्ञांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, आपल्या ई-मेलमधील उपरोध समोरच्याला नक्की कळेल असे लिहिणाऱ्याला वाटते, प्रत्यक्षात वाचणाऱ्याला तो बऱ्याचदा ओळखता येत नाही. म्हणून थट्टा, टोमणा आणि कोपरखळी कार्यालयीन ई-मेलमधून वगळावी. इंग्रजीत सर्व अक्षरे मोठ्या लिपीत लिहिणे म्हणजे ओरडणे, असा संकेत आहे. तो पाळावा.

राग आला असेल तर उत्तर लिहावे, पण पाठवू नये. संगणकजाळ्यावरील शिष्टाचारासंबंधी 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक टिपणातही भावनेच्या भरातील उत्तर रात्रभर थांबवून ठेवावे, असा सल्ला आहे. मी स्वतः एकदा रात्री अकरा वाजता एका सहकाऱ्याला कडक शब्दांत ई-मेल धाडला. सकाळी कळले की त्यांच्या घरी आजारपण होते आणि म्हणून माझे काम राहिले होते. मी क्षमा मागितली, त्यांनी ती केलीही. पण तो ई-मेल त्यांच्या संगणकात तसाच राहिला. बोललेला शब्द विरून जातो, लिहिलेला राहतो.

भाषेचा प्रश्नही येथेच येतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी ई-मेलची धास्ती असते. त्या धास्तीपोटी ती कुठून तरी उचललेली अवजड वाक्ये वापरतात आणि अडकतात. लहान वाक्य, ओळखीचा शब्द आणि एका परिच्छेदात एकच मुद्दा, एवढे सांभाळले तर साधे इंग्रजी पुरेसे होते. आधी मुद्दे मराठीत कागदावर लिहावेत, मग ई-मेल तयार करावा. आणि राज्य शासनाच्या कार्यालयाशी पत्रव्यवहार असेल तर मराठीतच लिहावे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम 1964 चा आहे आणि युनिकोडमुळे संगणकावर मराठी लिहिणे आता अवघड राहिलेले नाही.

ई-मेलचे व्यवस्थापन

ई-मेल लिहिणे हा अर्धा भाग झाला. आलेल्या ई-मेलचा ढीग आवरणे हा दुसरा. दर पाच मिनिटांनी ई-मेल पाहणारा माणूस दिवसभर व्यग्र दिसतो, पण त्याचे मुख्य काम पुढे सरकत नाही. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 124 प्रौढांना एक आठवडा दिवसातून फक्त तीन वेळा आणि एक आठवडा हवा तितक्या वेळा ई-मेल पाहण्यास सांगितले. तीन वेळा पाहण्याच्या आठवड्यात त्यांना ताण कमी जाणवला. प्रत्येक नोकरीत असे तीनच वेळा पाहणे शक्य नाही. ग्राहकसेवेत असलेल्याला तर मुळीच नाही. पण सकाळी आल्यावर, दुपारी जेवणानंतर आणि निघण्यापूर्वी एक तास, अशा वेळा ठरविल्या आणि संगणकाची घंटी बंद ठेवली तरी पुष्कळ फरक पडतो.

ई-मेल उघडला की चारपैकी एक निर्णय लगेच घ्यावा. दोन मिनिटांत होण्यासारखे काम असेल तर तेव्हाच करावे. दुसऱ्याचे असेल तर त्याच्याकडे पाठवावे आणि तसे मूळ व्यक्तीला कळवावे. वेळ लागणार असेल तर दैनंदिनीत दिवस नेमून ठेवावा. निरुपयोगी असेल तर काढून टाकावे. 'नंतर बघू' म्हणून उघडून बंद केलेला ई-मेल वाचलेला दिसतो आणि विसरला जातो.

काम व्हायला चार दिवस लागणार असतील तर चार दिवस गप्प बसू नये. 'आपला ई-मेल मिळाला. माहिती सोमवारपर्यंत पाठवितो' एवढी पोच त्याच दिवशी द्यावी. आपल्याला उत्तर आले नाही तर ठरलेल्या मुदतीनंतर त्याच ई-मेलच्या संदर्भाने सौम्य शब्दांत स्मरणपत्र पाठवावे. रजेवर जाताना स्वयंचलित उत्तर लावावे आणि त्यात आपल्या अनुपस्थितीत कोणाशी संपर्क साधावा हे लिहावे. विषयवार कप्पे करून ठेवावेत, परंतु ते चाळीस नसावेत. पाच-सात पुरतात.

काही गोष्टी ई-मेलने करूच नयेत. एखाद्याची चूक दाखवायची असेल, कोणाला वाईट बातमी सांगायची असेल किंवा तीनदा उत्तर-प्रत्युत्तर होऊनही गैरसमज वाढतच असेल, तर उठून त्या व्यक्तीच्या टेबलापाशी जावे. बोलणे झाले की जे ठरले ते दोन ओळींत ई-मेलने कळवावे. हेडक्लार्कने दिलेला धडा येथेही लागू पडतो.

सावधगिरी

ई-मेलमधून होणारी फसवणूक बहुधा दोन भावनांवर चालते : घाई आणि धाक. 'साहेबांचा' ई-मेल येतो की आत्ताच पैसे पाठवा, मी बैठकीत आहे, फोन करू नका. नेहमीच्या पुरवठादाराच्या नावाने ई-मेल येतो की आमचे बँक खाते बदलले आहे. अशा वेळी नाव न पाहता पूर्ण पत्ता अक्षरन् अक्षर पाहावा, कारण एखादे अक्षर बदललेले असते. आणि खाते बदलल्याची सूचना आली तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करून खात्री करावी. ई-मेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर करू नये. अनोळखी जोडपत्र उघडू नये, पासवर्ड व ओटीपी कोणालाही कळवू नये. फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता ताबडतोब 1930 या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर कळवावे. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम वाचण्याची शक्यता अधिक.

नोकरीच्या शोधात असलेल्या मुलामुलींना आणखी एक सांगणे. नोकरीचे पत्र ई-मेलने आले आणि त्यात 'नोंदणी शुल्क' किंवा 'अनामत रक्कम' मागितली असेल, तर ते पत्र संशयास्पद समजावे. पालकांनी दागिने गहाण ठेवून अशा पत्रांवर पैसे भरल्याची उदाहरणे आपल्या वस्त्यांतही आहेत. कार्यालयाचा ई-मेल खासगी कामासाठी वापरू नये. तो कार्यालयाच्या मालकीचा असतो आणि नोकरी सोडताच बंद होतो.

एक विनंती

आपल्या शाळेने आम्हाला पोस्टकार्ड लिहायला शिकविले. त्याच शाळेत आता नववी-दहावीच्या मुलांसाठी महिन्यातून एक तासिका ई-मेल लेखनाची असावी, अशी माझी माजी विद्यार्थ्यांना आणि संस्थेला नम्र विनंती आहे. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. आपल्यापैकी प्रत्येकाने एका विद्यार्थ्याशी वर्षभर ई-मेलने पत्रव्यवहार केला, त्याच्या पत्रातील विषयाची ओळ, पहिले वाक्य आणि शेवट तपासून परत पाठविला, तरी ते मूल कार्यालयाच्या दारात उभे राहील तेव्हा चाचपडणार नाही. पालकांनीही मुलांच्या हाती मोबाइल देताना त्यावरील ई-मेलची चौकशी करावी. अक्षरे वाचता आली नाहीत तरी, "हे पत्र दुसऱ्या कोणी मोठ्याने वाचले तर चालेल का?" एवढे विचारता येते.

माझी एका वर्षाची वेतनवाढ गेली, ती परत आली नाही. पण त्या दोन ओळी लिहिण्याची सवय लागली आणि पुढे कधी कोणासमोर "त्यांनी सांगितले होते" एवढ्यावर थांबावे लागले नाही. ही सवय आपल्या मुलांना किंमत न मोजता लागावी, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.